व्याहीबुवांची घरची वीज

तारापूर, अणुशक्ती केंद्राची वसाहत
१८ जानेवारी १९८७

सौ. साखरबाई विहीणबाईंना रंभाबाईचा नमस्कार.

बारशाहून तुम्ही दोघं सुखरूप मासवणला पोचलात हे आमच्या जावयांकडून, झुंबररावांकडून कळलं. हंसा आणि बाळ दोघी छान आहेत. उषा हे नाव कॉलनीत सगळ्यांना आवडलं. तुम्ही शिवलेलं दुपटं रोज वापरात आहे.

पत्राचं कारण जरा नाजूक आहे. बारशाच्या दिवशी व्याही जेवायचं सोडून आमच्या पंख्याखाली उभे होते, तोंड वर करून. मला वाटलं मान अवघडली. मी तेल गरम करायला निघाले, तर हंसाचे बाबा म्हणाले की मान ठीक आहे, मासवणच्या घरात वीज नाही म्हणून ते पंखा बघतायत. मला हे तेव्हा कळलं. लग्न ठरलं तेव्हा तुम्ही बोयसरला राहत होतात. भाड्याच्या खोलीत का होईना, वीज होती. व्याही कारखान्यातून निवृत्त झाले, मासवणला जागा घेतली, घर बांधलं, सगळं चांगलंच झालं. पण विजेचे खांब गावात येऊन थांबले आणि तुमचं घर ओढ्याच्या पलीकडे पाड्यावर राहिलं, हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. हंसासुद्धा बोलली नाही. मुली सासरचं झाकून ठेवतात.

हंसाला पाडव्यानंतर पाठवायचं आपलं ठरलंय. त्या दिवसांत ऊन कसं असतं ते तुम्हाला सांगायला नको. आमच्या उषेला जन्मल्यापासून पंख्याची सवय. तेव्हा माझं म्हणणं इतकंच, की घरात वीज आणि पंखा आला की त्याच दिवशी पाठवते. तोवर त्या दोघी इथं राहिल्या तर आम्हाला जड नाहीत. इथली वीज जात नाही. जिथं तयार होते तिथंच आम्ही राहतो.

राग आला तर माझ्यावर काढा, हंसाला कळू देऊ नका.

रंभाबाई


मासवण
२९ जानेवारी १९८७

रंभाबाई विहीणबाई, तुम्हाला आणि व्याहीबुवांना नमस्कार. उषेला गालावर एक बोट लावून पापा.

राग कसला? खरं तेच लिहिलंत. पण तुमचं पत्र मी ह्यांना वाचून दाखवलं, तिथं चुकले. ह्यांनी सगळं ऐकून घेतलं, टोपी घातली आणि बोयसरच्या भंगारबाजारात गेले. दिवेलागणीला टेम्पोतून उतरले. बरोबर एक मोटारीचा जुना डायनामो, एक ट्रकची बॅटरी आणि लोखंडी पिंपं. मला म्हणाले, "साखर, खांबाची वाट कुणी बघायची? वारा फुकट जातोय, ऊन फुकट जातंय, म्हशीचं शेण फुकट जातंय. सगळं धरून ठेवायचं."

तुम्हाला माहीत आहे, हे बॅटरीच्या कारखान्यात होते. बॅटऱ्या करायच्या खात्यात नाही, त्या पाठवायच्या खात्यात. लाकडी पेट्या ठोकायचे. पण इतकी वर्षं बॅटऱ्या डोळ्यांसमोरून गेल्या म्हणून त्यांना त्यातलं सगळं कळतं असं त्यांचं म्हणणं आहे. मला त्यांनी समजावून सांगितलं, की बॅटरी म्हणजे लोणच्याची बरणी. कैरी असते तेव्हा भरून ठेवायची, कैरी नसते तेव्हा काढून खायची. इतकं सोपं मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

पहिल्यांदा पवनचक्की केली. पिंपाचा पत्रा कापून पाती, खाली डायनामो, आणि सगळं गोठ्याशेजारच्या सागाच्या खांबावर. वारा आला की ती अशी ओरडते, की म्हैस पान्हा चोरते. चार दिवस चक्की फिरली, बॅटरी भरली, आणि काल संध्याकाळी बल्ब लावला. लागला हो. लागला की नाही ते बघायला मात्र मला कंदील न्यावा लागला. बल्बाची तार लाल झाली होती, विडीच्या टोकासारखी. ह्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाले, सुरुवात झाली.

व्याहीबुवा वीज तयार करतात, त्यांना विचारून कळवा की बल्ब पांढरा व्हायला काय करावं. एक खड्डाही खणलाय, शेणाच्या गॅसचा. त्याचं पुढं लिहीन, सध्या त्या बाजूला जाववत नाही.

साखरबाई


तारापूर
१५ फेब्रुवारी १९८७

साखरबाई विहीणबाई, नमस्कार.

तुमचं पत्र हंसानं मोठ्यानं वाचलं. बल्बाचं मी ह्यांना विचारलं. ते म्हणाले, लाल लागतो म्हणजे कमी लागतो. याहून जास्त ते घरी बोलत नाहीत, त्यांच्या कामातलं बाहेर सांगायचं नसतं.

व्याह्यांची हौस मोठी आहे. पण विहीणबाई, माझा मुद्दा बल्बाचा नव्हता, पंख्याचा होता. तुमच्या चक्कीवर पंखा फिरेल का? मी हे बोलले तर हंसा म्हणाली, "वाऱ्यानं चक्की, चक्कीनं बॅटरी, बॅटरीनं पंखा आणि पंख्यानं वारा. मग पहिलाच वारा घ्यावा की." आणि हसत सुटली. बाळ दचकून उठलं. सासरच्या माणसांना हसू नये असं मी तिला बजावलं. मनातून काळजीत असणार पोर. तुमची पत्रं उशीखाली घेऊन झोपते आणि मधूनच काढून परत वाचते.

आमच्याकडे शेजारच्या चंद्रकांताबाईंनी रंगीत टीव्ही घेतला. संध्याकाळी सगळ्यांच्या घरांत सगळे दिवे लागलेले असतात, बघत राहावं असं दिसतं. ह्यांची दुसरी पाळी असली की मी खिडकीत उभी राहून बघते. आता बाळामुळे तेवढाही वेळ मिळत नाही, हे बरंच आहे.

पाडवा जवळ आला. पंख्याचं काय ते लौकर कळवा.

रंभाबाई


मासवण
९ मार्च १९८७

रंभाबाई विहीणबाई, नमस्कार.

पवनचक्की गेली. शिवरात्रीच्या सुमाराला मोठा वारा सुटला. चक्की आधी नुसती ओरडत होती, मग तिनं सूर बदलला, आणि आम्ही बघता बघता ती खांब सोडून उडाली. ओढा ओलांडला. नवशाच्या वालाच्या शेतात जाऊन उतरली. नवशा म्हणजे पलीकडचा आमचा शेजारी, वारली आहे, फार सज्जन माणूस. हे धावत गेले तोवर त्यानं ती बांबूवर खोचून उभीसुद्धा केली होती. हे परत मागायला लागले तर म्हणाला, "काका, हिला बघून एक पाखरू येत नाय शेतात. हिला ऱ्हाऊ दे. तुला वाल देतो." चक्की त्याच्याकडे जास्त उपयोगी पडत होती, त्यामुळे ह्यांना काही बोलता येईना. आम्ही सध्या रोज वाल खातो.

आता एक खासगी. बॅटरी शिल्लक होती. हे पालघरला जाताना सांगून गेले, बॅटरीतलं पाणी कमी होऊ देऊ नको, आंबट पाणी असतं त्यात. दुपारी बघितलं तर खरंच कमी झालं होतं. बॅटरी म्हणजे लोणच्याची बरणी हे डोक्यात होतंच. मी चांगली बिनखड्याची चिंच भिजवली, कोळली, पंचातून गाळून घेतली आणि एकेका भोकात बेतानं ओतली. बॅटरी जराशी फसफसली. मला वाटलं, लागू पडलं. तेव्हापासून बल्ब लालसुद्धा होत नाही.

ह्यांना वाटतंय भंगारवाल्यानं फसवलं. रोज सकाळी त्याला शिव्या देतात. मी गप्प आहे. तुम्हाला म्हणून सांगितलं, पोटात ठेवा.

पण एक चांगली बातमी. शेणाच्या खड्ड्यातून गॅस आला. दोन म्हशींचं शेण पुरेना, म्हणून हे टोपली घेऊन पाड्यावरच्या गुरांमागून फिरायचे. नवशाची बायको जिवली मला विचारून गेली, काकानं काही नवस बोललाय का? परवा पिंपाच्या नळीला काडी लावली आणि निळी ज्योत निघाली. चहा झाला त्यावर, वाससुद्धा नव्हता. ह्यांचं म्हणणं, गॅसवर इंजिन चालवायचं, इंजिनावर डायनामो, त्यावर नवी बॅटरी, आणि बॅटरीवर तुमचा पंखा. ट्रॅक्टरच्या चाकाची ट्यूब कुठून तरी मिळवलीय, गॅस भरून ठेवायला. तुम्हाला स्वतः येऊन दाखवणार आहेत. तुमचा विश्वास बसावा इतकीच त्यांची इच्छा आहे.

साखरबाई


तारापूर
२४ मार्च १९८७

साखरबाई विहीणबाई,

काय झालं ते व्याह्यांनी तुम्हाला सांगितलं असेल. तरी माझ्या बाजूनं लिहिते.

परवा दुपारी चंद्रकांताबाई बोयसरच्या बसनं बाजार करून आल्या त्या आमच्याच दारात हसत उभ्या. त्यांना बोलता येईना. बसमध्ये म्हणे एक म्हातारा ट्रॅक्टरची फुगलेली ट्यूब गळ्यात घालून चढला. दोघांची जागा घेऊन बसला. जरा वेळानं वास सुटला. आधी लोक आपापल्या शेजाऱ्याकडे बघायला लागले. एका बाईनं नवऱ्याला सगळ्यांदेखत झापलं, तुम्हाला वाल खाऊ नका म्हटलं होतं. तो बिचारा शपथा घेत होता. शेवटी कंडक्टर ट्यूबपाशी आला, वाकला आणि नाक धरून मागे सरला. यात काय आहे विचारलं तर म्हातारा छाती काढून म्हणाला, घरचा गॅस. ज्यांच्या हातात विडी होती त्यांनी ती खिडकीतून टाकली. म्हाताऱ्याला ट्यूबसकट टपावर बसवलं म्हणे.

विहीणबाई, मी हसले. पोट धरून हसले. हंसाही हसली. तेवढ्यात बेल वाजली. दारात व्याही उभे, गळ्यात ट्यूब.

चंद्रकांताबाई बसल्या जागी ताठ झाल्या. पण व्याह्यांनी त्यांना ओळखलं आणि आनंदानं म्हणाले, "तुम्ही बसमध्ये होतात नाही का? मग अर्धं तुम्ही बघितलंच आहे."

त्यांनी पिशवीतून शेगडी काढली, रबरी नळी जोडली. गॅस बाहेर यायला ट्यूबवर वजन पाहिजे म्हणून हंसाच्या बाबांना तिच्यावर बसवलं. अणुशक्ती केंद्र सुरू झालं तेव्हापासून तिथं नोकरी करणारा माणूस शेणाच्या गॅसवर बसून हळूहळू जमिनीकडे चालला होता आणि कॉलनीतल्या बायका खिडक्यांतून बघत होत्या. पाणी कोमट झालं आणि ज्योत गेली. व्याही म्हणाले की निम्मा गॅस वाटेत गेला, नाहीतर चहा झालाच असता. पवनचक्कीचंही तसंच झालं, भंगारवाल्यानं बॅटरीत फसवलं नसतं तर आज तुमच्या मुलीच्या डोक्यावर पंखा असता.

मला इतकी लाज वाटत होती, इतका राग आला होता, की तोंडून निघून गेलं. मी म्हटलं, "चिंचेचं पाणी ओतल्यावर कुठली बॅटरी जगणार?"

त्यांनी मला परत विचारलं, कसलं पाणी? मग उठले. ट्यूब खांद्यावर टाकली. जेवायला थांबा म्हटलं, थांबले नाहीत.

रंभाबाई


मासवण
३ एप्रिल १९८७

रंभाबाई यांस,

मुद्दाम कार्डावर लिहिते. पोस्टमननं वाचलं तरी चालेल. झाकून ठेवण्यासारखं आता काही उरलं नाही.

हे माझ्याशी बोलत नाहीत. मला सांगायचं ते म्हशीला सांगतात. भाजीत मीठ कमी आहे हे मला गोठ्यातून कळतं. ट्यूब खुंटीला टांगून ठेवली आहे. खड्ड्यात शेण घालायचं सोडलं. काल झुंबर त्यांना समजवायला बसला तेव्हा त्याला म्हणाले, "जन्मभर दुसऱ्यांच्या बॅटऱ्यांच्या पेट्या ठोकल्या. एक आपल्या घरात चालवून बघायची होती. त्यातही लोक हसले." ते मी दाराआडून ऐकलं.

चिंच मी ओतली, पण ती उघडी तुम्ही पाडलीत. पाडवा झाला. नातीला कधी पाठवता ते विचारायलाही आता तोंड नाही.

साखरबाई


तारापूर
११ एप्रिल १९८७

साखरबाई यांस,

कार्ड पोचलं. इथल्या पोस्टमननंही वाचलं, देताना त्याचा चेहरा पडला होता.

बॅटरी माझ्या हातून बिघडली नाही. मी फक्त जे होतं ते बोलले. तुमच्या घरातल्या अबोल्याचं खापर माझ्यावर फोडणार असाल तर फोडा. पण तान्ह्या बाळाला मी तसल्या घरात पाठवणार नाही, जिथं उजेड नाही, वारा नाही आणि माणसं म्हशीशी बोलतात. पाठवायचा विषय आता दिवाळीनंतर बघू. हंसाला मी तसं सांगितलं आहे. ती काही बोलली नाही, म्हणजे तिलाही पटलं.

रंभाबाई


मासवण
१४ मे १९८७

रंभाबाई विहीणबाई, नमस्कार.

महिनाभर पत्र लिहिलं नाही, कारण तुम्हाला काय म्हणावं ते ठरत नव्हतं. आता ठरलं.

अक्षय्य तृतीयेला दुपारी आम्ही दोघं ओसरीवर दोन टोकांना बसलो होतो. ओढ्याकडून झुंबर येताना दिसला, डोक्यावर ट्रंक, मागं हंसा, कडेवर उषा आणि हातात टोपली. हंसानं वाकून नमस्कार केला आणि टोपली माझ्यापुढं ठेवली. "आईनं डिंकाचे लाडू पाठवलेत. म्हणाली, विहीणबाईंना सांग, झालं गेलं विसरा." लाडू तुमच्याच हातचे, खसखस तुम्ही घालता तशीच. आईनं बरी परवानगी दिली असं मी म्हटलं, तर झुंबर एकदम विहिरीकडं बघायला लागला. मी पुढं विचारलं नाही. तुमचं मन मोठं आहे.

तुमची नात पहिल्या दिवशी उकाड्यानं रडली, खोटं कशाला बोलू. मग ह्यांनी आंब्याला झोळी बांधली आणि दुपारभर दोरी ओढत बसले. झोळी हलली की वारा लागतो. हंसा ह्यांना म्हणाली, "मामंजी, पंखा सापडला." कितीतरी दिवसांनी हे हसले. पण माझ्याशी बोलायचं अजून बाकीच होतं.

मग चार दिवसांनी जीप आली. सरकारचं म्हणे नवं खातं आहे, उन्हाची, वाऱ्याची, शेणाची वीज करणारं. तिथले एक साहेब मनोरच्या रस्त्यानं चालले होते. त्यांना नवशाच्या शेतात आपली चक्की फिरताना दिसली. त्यांनी विचारलं, हे कुणी केलं? नवशा सांगायला लागला, "काकानं. लय गुणाची हाय. पन वीज नाय होत तिच्यानं, नुसती पाखरं जातात." साहेब आमच्याकडे आले. शेणाचा खड्डा बघितला. ट्यूब बघितली. बसमधलं ऐकून खुर्चीवरून पडायचे राहिले. ह्यांना वाटलं हाही हसणाराच. पण साहेबांनी डोळे पुसले आणि म्हणाले, उन्हावर चालणारा दिवा एका पाड्यावर लावून बघायचा आहे, महिनाभर जागा शोधतोय. लोक सामान घेतात आणि आठ दिवसांत अडगळीत टाकतात. मला बॅटरीची निगा राखणारा माणूस पाहिजे. तुमच्याइतका मागं लागलेला माणूस मला या तालुक्यात भेटला नाही.

परवा बसवला. छपरावर एक निळी काच, तिचं तोंड सूर्याकडं. खोलीत बॅटरी आणि ओसरीवर नळीचा दिवा. ऊन दिवसभर बरणीत भरतं आणि संध्याकाळी पांढरा उजेड पडतो. अट एकच, दिवा साऱ्या पाड्यासाठी पेटवायचा, म्हणून आत नाही लावला, ओसरीवर लावला. पंखा यावर चालत नाही, तेही सांगून टाकते.

साहेब गेल्यावर हे माझ्यासमोर येऊन उभे राहिले. अबोला धरल्यापासूनचं पहिलं वाक्य बोलले, "घरात चिंच कुठं कुठं ठेवलीय ते दाखव, कुलूप लावायचंय."

मी दाखवली. दोन बरण्या होत्या, मी एकच दाखवली.

साखरबाई


तारापूर
१९ मे १९८७

साखरबाई विहीणबाई, नमस्कार.

तुमचं पत्र वाचून समाधान वाटलं.

हो, लाडू मीच पाठवले. हंसाला मीच म्हटलं, जा आता, किती दिवस राहशील. झालं गेलं विसरा हेही मीच सांगितलं होतं. घाईत पत्र लिहायचं राहून गेलं. त्या दिवशी मी दुपारी जरा पडले होते, त्यामुळे निघताना भेट झाली नाही इतकंच. उठले तेव्हा पाळणा रिकामा होता आणि पंखा चालू होता.

बाळाचं झबलं एक इथं राहिलंय. मी ते धुतलेलं नाही.

दिवा लागला हे फार चांगलं झालं. व्याह्यांना माझा नमस्कार सांगा, ऐकून घेणार असतील तर. टोपली मात्र परत पाठवा, ती माझ्या आईची आहे.

रंभाबाई


मासवण
२३ मे १९८७

रंभाबाई विहीणबाई,

टोपली परत मिळणार नाही. न्यायला तुम्हीच या. येताना व्याहीबुवांनाही आणा. ह्यांनी सांगायला लावलंय की बसायला गॅस नाही, साधी सतरंजी आहे.

साखरबाई


तारापूर
६ जून १९८७

साखर,

आठ दिवस एका चुलीवर स्वयंपाक केल्यावर विहीणबाई लिहायला हात वळत नाही. तू रागावणार नाहीस असं धरून चालते. तूही मला नुसतं रंभा लिही.

आम्ही सुखरूप पोचलो. हंसाचे बाबा अजून व्याह्यांचंच बोलत असतात. निघायच्या आदल्या संध्याकाळी ओसरीवर त्यांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, की ते वीजबीज काही तयार करत नाहीत, केंद्राच्या भांडारात आहेत, हेल्मेटं आणि हातमोजे मोजून देतात. मी कॉलनीबाहेर हे कुणाला कळू दिलं नव्हतं. मला वाटलं आता माझी अब्रू गेली. तू तेव्हा आत भाकऱ्या थापत होतीस. व्याह्यांनी ह्यांचा हात धरला आणि म्हणाले, "मी पेट्या ठोकायचो." मग दोघं इतके खूष होऊन गप्पा मारत बसले, की जणू एका वर्गातले निघाले.

तुझ्या ओसरीवरचं मला सारखं आठवतं. दिवा लागायचा आणि माणसं यायची. जिवली सूप घेऊन तांदूळ निवडायला, नवशा टोपल्या विणायला, ती दातिवऱ्याची सुक्या मासळीवाली वस्तीला राहिली होती ती. मधूनच व्याही आत जाऊन बॅटरी बघून यायचे आणि जाहीर करायचे, अर्धी बरणी उरली. मग ज्याला काही महत्त्वाचं बोलायचं असेल तो पटकन बोलायचा. जिवलीनं लेकीचं लग्न ठरल्याचं अशाच घाईत सांगितलं. शेवटी व्याही म्हणायचे, आता उद्याची शिल्लक ठेवू, आणि बटण बंद करायचे. पण कुणी उठायचं नाही. मी त्यांना विचारलं, पावसाळ्यात ऊन कमी पडलं की काय करणार? म्हणाले, उजेड कमी आला तर जवळ जवळ बसू.

इथं आल्यावर पहिल्या संध्याकाळी हे पाळीला गेले. सगळ्या घरांतले सगळे दिवे लागले. प्रत्येकाची खिडकी उजळलेली आणि खिडकीत कुणी नाही. मी खूप वेळ बघत उभी राहिले, मग माझ्या घरातले दिवे एकेक करून बंद केले. पंखासुद्धा. खुर्ची बाहेर काढली आणि दारात बसले.

थोड्या वेळानं चंद्रकांताबाई आल्या. तुमचीच गेली का हो वीज? मी म्हटलं, बसा. त्या घाबरून माझ्याकडे सोबत म्हणून बसल्या. मग त्यांना शोधत त्यांची सासू आली. समोरच्या दोघी आल्या. कुणी तरी मधल्या मध्ये वीजदुरुस्तीच्या खात्याला कळवलं, म्हणून एक माणूस शिडी घेऊन सायकलवर आला. मी त्याला सांगितलं, बिघाड नाही, मीच घालवलीय. त्याचा विश्वास बसेना. आत जाऊन त्यानं फ्यूज तपासला, बटण दाबलं, दिवा लागला. बटण बंद केलं, दिवा गेला. असं दोनतीनदा करून बघितलं. मग बाहेर येऊन माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "बाई, मग मी आता काय करू?" चंद्रकांताबाईंनी त्याला खुर्ची दिली. चहा होईपर्यंत बसला आणि त्याच्या बायकोनं गेल्या वर्षी कोंबड्या पाळल्या, त्या कशा सगळ्या शेजाऱ्याच्या घरी अंडी घालतात, ते सांगत राहिला. आम्ही हसून हसून बेजार. शिडी विसरून गेला, ती अजून आमच्या भिंतीला आहे.

उषेला पापा दे. व्याह्यांना सांग, बॅटरीला हात लावायला मी येईन तेव्हा हात धुऊन येईन.

आज सकाळी चंद्रकांताबाई कट्ट्यावरून हाका मारत होत्या. सगळ्यांचं ठरलंय म्हणे, फक्त एवढं विचारायचं होतं, की आज कुणाच्या घरची वीज घालवायची.

तुझी रंभा